हनुवटीचा सौदा

विचारात पडल्या की आमच्या डॉक्टरीणबाई हनुवटीवरून उलटी बोटं फिरवायच्या, दाढी केल्यावर पुरुष फिरवतात तशी. गावातल्या बाया पदराआड हसायच्या. मी हसले नाही. माझाही हात तिथेच जायचा, फक्त चारचौघांत मी तो आवरायची.

बाई पीसीओएसवर संशोधन करायला आल्या होत्या. या आजारात पाळी महिनोन्‌महिने लांबते, चेहऱ्यावर केस येतात, दिवस राहायला त्रास होतो. माझ्याकडे सगळंच होतं. त्यापायीच सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं. मी दारव्ह्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान मांडलं आणि उभी राहिले. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही.

तपासणी गावच्या शाळेत होती. रक्त घ्यायचं होतं, शिवाय कोणाच्या चेहऱ्यावर किती केस आहेत, हेही बाईंना पाहायचं होतं. आणि डॉक्टरसमोर जायचं म्हणून आम्ही सगळ्याजणी आदल्या दिवशी दोऱ्याने हनुवट्या साफ करून गेलेलो! एकेक गुळगुळीत चेहरा पाहून बाई पोट धरून हसल्या. "अहो, जे बघायला आले तेच तुम्ही झाडून टाकलंत!" मग म्हणाल्या, महिनाभर केस काढू नका, मी परत येते.

मी भडकले. "तुमचं काय जाते? मले बजारात बसा लागते. गिऱ्हाईकं बांगड्या पायतीन का माही दाढी? तुम्ही वाढवून दाखवा तुमची!"

बाईंचा हात हनुवटीवर गेला.

"वाढवते," त्या म्हणाल्या. "मलाही हेच आहे, ताई. ठरलं?"

इतक्या पटकन कबूल होणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसत नाही. पण महिनाभराने, बाजाराच्या दिवशी, त्या काळीपिवळीतून उतरल्या त्या तोंडाला रुमाल न बांधता. हनुवटीवरचे काळे केस उन्हात स्पष्ट दिसत होते. सरळ येऊन माझ्या स्टुलावर बसल्या आणि गिऱ्हाइकांना बांगड्या भरायला लागल्या. ते काम त्यांना अजिबात जमत नव्हतं, बऱ्याच फुटल्या. शेजारचा मिरचीवाला ओरडला, "काय वो बाई, दाढीचा सीझन आला काय?"

"आला ना, मामा. तुमच्याहून दाट आली. वस्तरा देता काय?"

मिरचीवाला दिवसभर मिरच्याच निवडत बसला. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा केस वाढलेल्या हनुवटीवर पदर न ओढता धंदा केला.

दुपारी माझ्या डब्यातली भाकर खाताना मी त्यांना विचारलं, "खरं सांगा बाई, हे माह्यानं झालं काय?"

"आजार आहे, ताई. तुमचा गुन्हा नाही. असं का होतं, तेच तर शोधतेय. जे हाती लागेल ते इथे, याच स्टुलावर बसून तुम्हाला सांगीन."

सौद्याचा हा अर्धा भाग अजून बाकी आहे. काम संपलं आणि बाईंना दुसरीकडे पाठवलं. निरोप घ्यायलाही त्या आल्या नाहीत. फोन लागत नाही. पुढे उपकेंद्रातल्या नर्सने मोबाइलवर त्यांचा छापून आलेला अहवाल दाखवला. सगळा इंग्रजीत. मी विचारलं, "याच्यात मी कुठं हाओ?"

"तुम्ही टक्क्यात आहात, काकू," ती म्हणाली.

टक्के मला चांगले कळतात. पण रक्त मी दिलं, दाढी मी वाढवली, आणि उत्तर मला सोडून सगळ्या जगाला मिळालं. हा राग माझ्या मनातून जात नाही. आणि रागावून झालं की त्यांची आठवण येते, त्या फुटलेल्या बांगड्यांसकट.

आल्या तर आधी कडाकडा भांडणार आहे. मग स्टूल पुढे करीन. ते मी कोणाला बसायला देत नाही. बाजाराच्या दिवशी काळीपिवळी थांबते, बाया उतरतात, आणि माझी नजर आधी हनुवट्यांवरून फिरते.