काहिलीत आधी कोण

आमच्या तालुक्यातून समुद्रावर गेलेला पहिला माणूस म्हणजे माझा मामा. तो मालवाहू जहाजाचा कप्तान झाला आणि पहिल्याच मोठ्या सुट्टीत उमापूरच्या पुढं, गोदावरीकाठी, त्यानं गोल खिडक्यांचं घर बांधलं. मामा निवृत्त झाल्यावर ग्रामपंचायतीनं त्यावर ‘ऐतिहासिक वास्तू’ अशी पाटी ठोकली. आत मामा जिवंत आहे, चहा पितोय, याची कुणाला अडचण वाटली नाही. शाळेच्या सहली यायच्या. एका बाईंनी तर मामालाच विचारलं, ‘तुम्ही इथले वॉचमन का?’

गेल्या पावसाळ्यात नदी गावात घुसली. मामाच्या घराचं जोतं उंच, म्हणून अख्खी आळी त्याच्या ओसरीवर आली. शेजारचा मेंढपाळ मेंढरांसकट आला. पाणी चढतच होतं आणि बचावाची बोट पल्याडच्या वस्तीवर गुंतलेली, तेव्हा गुऱ्हाळातली गूळ करायची काहील, चार-पाच माणसं मावतील एवढी पसरट कढई, आणली. दोन पट्टीचे पोहणारे ती दोरानं ओढत माणसं कोरड्या चढावर नेणार होते.

मामानं लगेच ताबा घेतला. कप्तान शेवटी उतरतो, असं त्यानं जाहीर केलं. पण आमच्याकडं वडीलधाऱ्याच्या आधी कोणी जेवायला बसत नाही, तर काहिलीत कोण बसणार?

‘आदी तुमी, अण्णा,’ मेंढपाळ हात जोडून म्हणाला.

‘आदी तुजी मेंढरं,’ मामा म्हणाला.

काहील रिकामी डुलत राहिली. मागची भिंत खचली, पाणी ओसरीवर आलं, तरी यांचा लग्नाच्या पंगतीतला आग्रह संपेना. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. मी ओरडलो तेव्हा कुठं मेंढरं गेली, मग आळी गेली. शेवटच्या खेपेला मीही बसलो. मामी मात्र दारातून हलेना.

‘चल, बस. भिंती टिकायच्या न्हाईत,’ मामा म्हणाला.

‘तुमी बसा आदी.’

‘अगं, कप्तान शेवटी उतरतो. नियम हाय.’

‘तीस वर्सं ह्या घरातनं दरवेळी तुमीच आदी गेलात,’ मामी म्हणाली. ‘मागं कोण राहिलं?’

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. मामा काहिलीत माझ्याशेजारी येऊन बसला. मामीनं आत एकदा नजर फिरवली, पाण्यानं भरत चाललेल्या घराला कुलूप लावलं, आणि सगळ्यांच्या शेवटी उतरली.