काट्यावर उभ्या सिस्टर

जन्मभर दवाखान्यात तान्ह्या बाळांची वजनं करणाऱ्या सिस्टर, निवृत्त झाल्यावर नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच विमानाने निघाल्या होत्या. विमान लहानसं होतं, म्हणून काउंटरवरच्या मुलीने प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं केलं. सिस्टरनी सवयीने चपला काढल्या आणि पर्स नवऱ्याच्या हातात दिली.

"मावशी, पर्स घेऊनच उभ्या राहा."

"अगं, मग वजन माझं की पर्सचं?"

"दोघींचं मिळून!"

आकडा मुलीच्या बाजूला दिसत होता. सिस्टरनी मान वाकडी करून पाहिलं, पण छे! "जास्त भरलं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तसं काही नाही हो, विमानाचा तोल सांभाळायचा असतो."

मग नवऱ्याला पुढची जागा मिळाली आणि त्यांना अगदी शेवटची. आपण जड म्हणून मागे, की हलक्या म्हणून, हे काही केल्या त्यांना उमगेना. शेजारी एक काडीपैलवान आणि पुढ्यात एक धिप्पाड गृहस्थ बसलेले पाहून त्या आणखीच चक्रावल्या.

विमान धावू लागलं तसा पुढून नवरा ओरडला, "घाबरलीस का गं?"

"घाबरायला सवड कुठंय?" त्या म्हणाल्या. "माझं अजून कोडंच सुटत नाहीये!"