काकांनी मागितलेली निवडणूक

जगात कुठेही एकाच पक्षाची राजवट संपली, की त्याचा पहिला आनंद दोह्यात, मुशैरिब भागातल्या आमच्या मेसमध्ये साजरा होई. खुद्द त्या देशातल्या लोकांना बातमी कळण्याआधी ती मेसच्या काकांना कळलेली असे, असं माझं प्रामाणिक मत आहे. आम्ही सगळे बायकापोरं गावी ठेवून आलेलो. काका त्यांतले वयाने थोरले, एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर. संध्याकाळी गच्चीवर रेडिओ कानाशी धरून ते दूर समुद्राच्या निळसर रेघेकडे बघत बसत. पोर्तुगालबद्दल तर ते असे बोलत, जणू सख्खी भाची तिथे दिली आहे. स्पेनमध्ये मतदान होतं त्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून साइटवर गेले. फोरमनने विचारलं, "आज ईद है क्या?" "वैसाही समझो," काका म्हणाले आणि दिवसभर त्याच तंद्रीत उन्हातान्हात मापं घेत फिरले. "अरे, आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायला निघालेला म्हातारा घरातून कसा निघत असेल रे?" हे मला त्यांनी कितीदा विचारलं असेल! उत्तर त्यांना नकोच असे.

मेसमध्ये मात्र काय शिजवायचं, भांडी कोणी घासायची, दिवे कधी मालवायचे, हे मेस सुरू झाल्यापासून काकाच ठरवत. दर शुक्रवारी लाल भोपळा. कोणाची बोलायची प्राज्ञा नव्हती, कारण आजारपणात आमच्या उशाशी बसणारेही तेच होते.

पोलंडमध्ये निवडणूक झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. काका वाढता वाढता समजावत होते, "एकाच पक्षाचं राज्य वाईटच असतं असं नाही. पण तुझं चुकतंय, हे त्याला सांगणारं कोणी उरत नाही."

"काका, मगे ह्या भोपळ्याचा कोणाक सांगूचा?" आमचा मालवणी ड्रायव्हर ताटातून मान वर न करता म्हणाला.

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. पळी ठेवून गच्चीवर गेले, ते संध्याकाळीच उतरले. "मेस कोणी चालवायची, त्याची पुढच्या शुक्रवारी निवडणूक. गुप्त मतदान. खलास."

पण काकांविरुद्ध उभं राहणार कोण? शेवटी त्यांनी ड्रायव्हरलाच उभं केलं आणि आठवडाभर आपल्याविरुद्ध काय बोलायचं ते त्याला शिकवलं. "माझ्या हट्टीपणाबद्दल बोल, लोकांना पटेल."

"माका लाज वाटता, काका."

"तुलाच लाज वाटली तर लोकशाही यायची कशी?"

दूधपावडरच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. काकांनी स्वतः एकेक उघडून मोठ्याने वाचली. काकांच्या नावाची एकच निघाली, बाकी सगळ्या ड्रायव्हरच्या. आम्ही माना खाली घातल्या. प्रत्येकाला वाटलं होतं, आपल्या एकट्याच्या मताने काय होतंय!

ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. "ता एक मत माझा होता, काका."

"मूर्खा," काका म्हणाले, "आणि माझं तुला होतं. आता मागे फिरायचं नाही." पळी त्यांनीच त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेलो. काका नुसतेच बसले होते.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय की." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "राज्य सोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करत असेल, हे बातम्यांत कधी सांगत नाहीत, नाही?"

मी शेजारी टेकलो. समुद्रावरचा उजेड विरत चालला होता. खालून फोडणीचा वास आला. कसली भाजी होती, कोण जाणे. काकांनी डोळे मिटून वास घेतला आणि एखाद्या लहान मुलासारखं मला विचारलं, "काय असेल रे?"