गॅलरीतला परीट

मुलगी लग्न होऊन जर्मनीला गेली आणि भातसानगरच्या धरणाच्या कॉलनीत मी एकटा उरलो. दर महिन्याला ती पाकिटातून तिकडच्या एखाद्या पक्ष्याचा फोटो पाठवायची. नाव मुद्दाम लिहायची नाही. रविवारी तिचा फोन आला की मी ओळखायचं, हा आमचा खेळ.

मी नेहमी हरायचो. फोटोत पक्षी केवढा ते कळतच नाही. एकदा काळापांढरा, लांब शेपटीचा आला. मी ठासून सांगितलं, "हा आपला दयाळ!" ती खो खो हसली. "बाबा, कावळ्याएवढा आहे तो!" मी चिडलो. "मग शेजारी कावळा बसवून फोटो काढायचा!"

मग एका पाकिटातून तिच्या गॅलरीच्या कठड्यावर बसलेला परीट पक्षी निघाला. पांढरं तोंड, गळ्याखाली काळा डाग. हा मला चुकणार होय? दसरा झाला की तो आमच्या धरणाच्या भिंतीवर हजर. मी पाण्याची पातळी बघायला गेलो की शेपटी हलवत माझ्या पुढेपुढे पळतो. रविवारपर्यंत मला धीर निघेना.

"परीट!" फोन उचलताच मी ओरडलो. "थंडीभर इथंच असतो तो!"

"जिंकलात, बाबा! दरवर्षी येतो?"

"दरवर्षी. एक वर्ष चुकवत नाय."

तिला शेवटचं इकडे येऊन पाच वर्षं झाली होती. मी टोमणा मारला नव्हता, पण तसं सांगायच्या आत तिनं फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात पाकीट आलं. फोटोच्या मागे पक्ष्याचं नाव लिहिलेलं होतं.