किआउच्या रक्तातला गंज

ग्वेत-किआउएवढी खवट बाई तुंगकांग बंदरात दुसरी नव्हती, आणि माझं नशीब असं फुटकं की डायलिसिसला तिची खुर्ची नेमकी माझ्याशेजारी. मासळीबाजारात ती ट्यूना विकायची. गिऱ्हाईक मासा घ्यायचं ते तिचं ओरडणं थांबावं म्हणून.

पथ्याची तर तिला भारी घमेंड. एकदा माझ्या पिशवीत केळं दिसलं, तर सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी किंचाळली, "सिस्टर, ही सिओक-लुआन बघा, केळं चोरून खातेय! हिचं हृदय बंद पडेल आणि खोळंबा आपला होईल!" तेव्हापासून आम्ही बोलायचो ते फक्त भांडायला.

या वसंतात डॉक्टर झुआंगनी सगळ्यांचं थोडं जास्तीचं रक्त घेतलं. लोखंडाला चढतो तसा माणसाच्या अंगातही गंज चढतो म्हणे, डायलिसिसवाल्यांच्या अंमळ जास्तच. त्याच्या खुणा रक्तात मोजता येतात. ज्यांचा गंज कमी ती माणसं जास्त जगतात का, हे त्यांना बघायचं होतं. किआउचा सगळ्यात कमी निघाला, माझा भरपूर. "एका आकड्यावरून कुणाचं आयुष्य ठरत नाही," डॉक्टरांनी बजावलं. पण ऐकतंय कोण!

"सिओक-लुआन, तू मेलीस की तुझ्या सातव्या दिवसाला येईन हं मी जेवायला."

"ये की. तुझ्या ताटात मीठ जास्त घालायला सांगून ठेवते."

मग एका सकाळी ती उचक्या देत आली. त्या ऐकून डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"किआउमावशी, कमरख खाल्लंत का?"

कापलं की चांदणी दिसणारं हे फळ आमच्या निकामी किडन्यांना विष. आधी उचकी, मग भ्रम, मग झटके. भिंतीवर मोठं चित्रच लावलंय त्याचं.

"मी? मी काय सिओक-लुआन आहे?"

तिचं पथ्य सगळ्यांना ठाऊक. डॉक्टरांना पटलं आणि ते दुसरं काही शोधायला निघाले.

"थांबा डॉक्टर!" मी ओरडले. "हिचा घसा रोज कसा टिकतो ते विचारा! देवळापाशी खारवलेल्या कमरखाचं पाणी विकतात, ते ढोसत असेल ही. बाजारात ओरडणारे सगळेच पितात."

"ते घशाचं औषध आहे!" किआउ उचकी देत किंचाळली. "त्यात फळ कुठंय, चोंबडे?"

डॉक्टरांनी ते विष उपसायला तिला लगेच डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. तरी संध्याकाळपर्यंत ती पोटच्या लेकीलाही ओळखेना. मला तिचा असा संताप आला! गंज कमी म्हणून मिरवली आणि पेलाभर सरबतापायी मरायला निघाली. मला तिच्याहून जास्त जगून दाखवायचं होतं, पण असं नाही.

पुढच्या खेपेला मी आधी तिच्या खाटेपाशी गेले. तिचे डोळे उघडे होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मावशी, या कोण?"

तिने मला खालून वर न्याहाळलं.

"ही? बंदरातली सगळ्यात नालायक बाई. आधी बाहेर काढा हिला."

"शुद्धीवर आल्या," डॉक्टर म्हणाले.

मला रडूच फुटलं. ते तिला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "मर मेले!"