जुळत नव्हत्या त्या नोंदी

डॉ. सुलभा खरवंडीकर यांना मी पहिल्यांदा भेटलो तो पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत. देवासहून बसने आलो, देवास गेटच्या बसस्थानकावर उतरलो आणि प्रमाणपत्रांची फाइल घेऊन थेट विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत गेलो. फाइल त्यांनी उघडलीच नाही. सूर्याच्या रेडिओलहरींचा एक आलेख पुढे सरकवून विचारलं, "काय दिसतंय?" मी सौरज्वालांपासून सुरुवात करून दहा मिनिटं विद्वत्ता पाजळली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काय शिकलास ते नाही विचारलं. दिसतंय काय?" मी ओशाळून म्हणालो, "एक पट्टा खाली उतरत चाललाय." "बस, इतकंच. सोमवारी येऊन जा."

त्या उतरत्या पट्ट्याला मॅडमनी आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षं दिली. सौरज्वालेच्या वेळी कधीकधी सूर्यावरून प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, बाहेर फेकला जातो. त्याच्यापुढे धावणारी धक्क्याची लाट जसजशी विरळ थरांत शिरते, तसतशी तिच्यातून निघणाऱ्या रेडिओलहरींची वारंवारता उतरत जाते. त्या उतरण्यावरून लाटेचा वेग काढता येतो. हे मॅडम असं समजावत, की मागच्या बाकावरची मुलंही उत्तरं देऊ लागत.

त्यांचा एक कडक नियम होता. रेडिओलहरी कधी सुरू झाल्या हे आलेखावर ठरवताना प्लाझ्मा कधी निघाला, ती वेळ आपल्याला माहीत असता कामा नये; दोन्ही वेळा जुळतात का, हेच तर तपासायचं असे. म्हणून तक्त्यातल्या त्या रकान्यावर जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी लावलेली असे. मला तो सोवळ्याचा प्रकार वाटायचा.

प्रबंध द्यायला आठवडा उरला होता. एका महाविद्यालयातली नोकरी पदवीवाचून अडली होती. मी पट्टी उचलली. जिथे पट्ट्याची सुरुवात पुसट होती, तिथे कुठे दोन मिनिटं अलीकडे घेतली, कुठे तीन मिनिटं पलीकडे. प्रत्येक नोंदीत दोन्ही वेळा छान जुळल्या. मॅडमनी तक्ता वाचला आणि चष्मा काढला.

"सगळ्याच नोंदी जुळल्या? सूर्य इतका शिस्तीचा कधीपासून झाला?"

मी मान खाली घालून कबूल केलं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांच्या नानाखेड्याच्या घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलावर आलेखांचा ढीग मांडलेला होता. "पहले पोहे खा. मग बसू," म्हणाल्या. एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, अशी आम्ही प्रत्येक नोंद पुन्हा मोजली. मुदतवाढीच्या अर्जावर मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं, "मोजणी पुन्हा होत आहे, जबाबदारी माझी." नोकरी अर्थातच दुसऱ्याला मिळाली. चार नोंदी शेवटपर्यंत जुळल्या नाहीत.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्यांवरच बोट ठेवलं. "ह्या गाळल्या असत्या तर निष्कर्ष भक्कम झाला असता." मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हणालो, "सर, मी आधी ह्या जुळवून टाकल्या होत्या. मॅडमनी पकडलं. आता जशा आहेत तशा ठेवल्यात." परीक्षकांनी मला बाहेर थांबायला सांगितलं.

मी व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. पदवी गेली, अशी खात्रीच झाली होती. इतक्यात मॅडम माझ्यामागोमाग बाहेर आल्या. "आत काय ठरेल ते ठरो," त्या म्हणाल्या, "माझ्याकडून तू पास."

मी तिथेच रडलो. नंतर आतून होकार आला, तो मला धड ऐकूही आला नाही.

मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, पण आमचे विद्यार्थी आजही आपले आलेख घेऊन त्यांच्या दारात उभे असतात. महाकाल त्यांना उदंड, निरोगी आयुष्य देवो. आमच्यापैकी पुष्कळांना अजून त्यांच्याकडून पास व्हायचं आहे.