योहान, त्याची आई आणि शेवटचं पान

योहानचे किस्से मी लिहून ठेवत नाही. एक सांगून होईपर्यंत तो दुसरा घडवतो, मी कुठवर पुरणार!

शारजातल्या आमच्या शाळेत तो इंग्लिश शिकवायला आला, मी तिथे ऑफिसात. गोरा माणूस म्हणून मी म्हटलं, "तुमचं काय, इंग्लिश घरचीच!" म्हणाला, "मी दक्षिण आफ्रिकेचा, घरी आफ्रिकान्स बोलतो. त्यात कविता करतो, आणि जुन्या ग्रीक नाटकांची भाषांतरं करतो."

"शारजात बसून?"

"इथल्या ट्रॅफिकमध्ये वेळच वेळ!"

•

आमचा अकाउंटंट विल्सन वसईचा. योहानच्याच गाडीतून येतो. एकदा अल नहदाच्या सिग्नलला योहान स्टिअरिंगवर हात आपटून ओरडायला लागला. मागे हॉर्नवर हॉर्न! विल्सन घाबरून म्हणाला, "हबीबी, यल्ला, ग्रीन झालाय!"

"राणीचा मुलगा आत्ताच गेलाय. तिला रडू तरी दे!"

कोणती राणी, हे विल्सनने मला दोनदा विचारलं. मला काय माहीत!

•

मधल्या सुट्टीत तो फोनवर हंबरडा फोडायचा. एकदा नवीन मॅडम पाणी घेऊन धावल्या, तर हा फोन ठेवून समोसा खातोय!

"आईला नाटकातल्या राणीचा विलाप वाचून दाखवत होतो. हॉस्पिटलमध्ये आहे, दिसत नाही तिला. म्हणते, हे रडणं खोटं आहे."

डॉक्टरांनी थोडेच दिवस दिले होते आणि आईला नाटकाचा शेवट ऐकायचा होता. शेवटचं पानच जमत नव्हतं. हे कळल्यावर त्याच्या रोजच्या रडारडीवरचा माझा राग कुठल्या कुठे गेला.

•

"तुमच्याकडे बायका रडताना काय बोलतात?" ऐन जेवताना हा प्रश्न!

मी म्हटलं, "काका गेले तेव्हा मावशी ओरडली, अहो, आता गच्चीवरची टाकी कोण बघणार?"

आम्ही हसलो. त्याने गंभीरपणे लिहून घेतलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राणीला टाकीचं काय, देव जाणे!

•

एका गुरुवारी पान पुरं झालं. त्याने फोन लावला, बहिणीने उचलला. आई सकाळीच गेली होती.

मी म्हटलं, "घरी जा रे बाबा." तो म्हणाला, "वाचतो." आणि आम्हालाच वाचून दाखवलं. एक अक्षर कळलं नाही. संपलं तसा विल्सन, चर्चमध्ये बायबलचं वाचन संपलं की म्हणतात त्या सवयीने, मोठ्याने म्हणाला, "देवाला धन्यवाद!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. योहानने अर्थ विचारला, विल्सनने चाचरत सांगितला.

योहानने पान त्याच्या हातात दिलं. "अक्षरं एबीसीडीच आहेत. वाच." आणि खुर्चीत डोळे मिटून बसला.

विल्सनने वसईच्या हेलात अडखळत वाचलं.

"चुकतोयस. परत!"

त्या दिवशी आम्ही ते पान चार वेळा ऐकलं.